पहिल्या फुटक्या काचेचा खर्च

१८९० च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांसाठी निघणाऱ्या एका ब्रिटिश नियतकालिकाने एक स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ असा किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचा आराखडा पाठवायचा होता. इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून पहिले आले ते मुंबईचे शंकर आबाजी भिसे. वय तिशीच्या आसपास. मुंबईत त्यांनी एक विज्ञान मंडळ चालवले होते, आणि उपनगरी रेल्वेच्या प्रवाशांना स्टेशन दाखवणारे यंत्र तयार करण्यापर्यंत त्यांची खटपट गेली होती. पण ही सारी हौस पदरमोड करून चाललेली. स्पर्धेने त्यांना नाव दिले. भांडवल मात्र दुसरीकडूनच उभे करावे लागले.

ते उभे करणारी माणसे पाहिली की आजही आश्चर्य वाटते. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी ओळखपत्र दिले, आणि ते घेऊन भिसे लंडनला दादाभाई नौरोजींकडे पोहोचले. दादाभाई तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा हिशेब मांडणारा त्यांचा ग्रंथ १९०१ मध्ये निघाला. त्याच वर्षांत हा वृद्ध नेता एका मराठी तरुणाच्या विजेवर चालणाऱ्या जाहिरात फलकांसाठी आणि स्वयंपाकघरातल्या यंत्रांसाठी पैसा गोळा करत होता. व्यवहार सरळ होता: खर्च दादाभाईंनी करायचा, शोध विकला गेला तर नफ्यात वाटा घ्यायचा. याला आज एंजल गुंतवणूक म्हणतात. भिशांचे सर्वांत महत्त्वाचे काम छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्राचे. त्यासाठी लागणारी रक्कम मोठी होती. ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांच्यामार्फत ती उभी करण्याचा प्रयत्न फसला, दादाभाईंची पुंजीही आटली, आणि १९०८ मध्ये भिसे मायदेशी परतले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीने पुढे जमशेटजी टाटांचे पुत्र रतन टाटा पाठीशी उभे राहिले आणि यंत्राचे काम पुन्हा सुरू झाले. मग महायुद्ध आले. १९१६ मध्ये भिसे न्यूयॉर्कला गेले आणि तिथेच स्थायिक झाले.

स्पर्धा जिंकलेला, मोठ्यांचा विश्वास लाभलेला, हातात चालते यंत्र असलेला हा माणूस. तरी त्याची सगळी धाव एका आश्रयदात्याकडून दुसऱ्याकडे झाली. दादाभाई आणि टाटा मनापासून देत होते, त्यात शंका नाही. पण एका माणसाच्या खिशावर उभा असलेला उद्योग त्या खिशाबरोबरच आटतो.

भिसे लंडनमध्ये धडपडत असताना इकडे महाराष्ट्रात अगदी उलट्या टोकाची एक कल्पना आकार घेत होती. अंताजी दामोदर काळे यांचे म्हणणे असे, की देशातल्या प्रत्येकाने वर्षाला एकच पैसा द्यावा आणि त्या पैशातून स्वदेशी उद्योग उभे करावेत. त्या वेळी चार पैशांचा एक आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे एक रुपया जमायला चौसष्ट माणसे गाठावी लागत. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या साडेएकोणतीस कोटींच्या आसपास होती. प्रत्येकाने खरोखरच पैसा दिला असता, तर वर्षाला साधारण ४६ लाख रुपये जमले असते. तेवढे कधीच जमले नाहीत. पण लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’चे बळ मागे उभे केले, स्वयंसेवक पैसापैसा गोळा करत फिरले, आणि एक कारखाना काढण्याइतकी रक्कम हाती आली.

‘पैसा फंड’ या नावाने महाराष्ट्राला माहीत असलेली ही चळवळ अनेकदा स्वदेशीच्या उत्साहाचे एक उदाहरण म्हणून दोन ओळींत आटोपली जाते. तिचे खरे वेगळेपण त्या पैशाचे काय केले यात आहे. नफा मिळवणारी गिरणी काढता आली असती. फंडाने पुणे-मुंबई लोहमार्गावरच्या तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काचेचा कारखाना काढला आणि त्यालाच शाळा केले.

काचच का? तेव्हा घराघरात परदेशी काच होती. बांगड्या, कंदिलाच्या चिमण्या, दौती, औषधाच्या बाटल्या हा माल ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम अशा देशांतून येई. चिमणी तडकली की नवी घ्यावीच लागे, त्यामुळे मागणी कायमची. आणि हे काम आधुनिक पद्धतीने जाणणारा माणूसही मिळाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तर हिंदुस्थानातले तरुण जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत तेव्हा बोस्टनमध्ये असलेल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, शिकून आले होते. त्या संस्थेशी पुण्याचे नाते त्याहूनही जुने होते: पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ मध्येच तिथे दाखल झाले होते. वार्ष्णेयांनी तळेगावची भट्टी उभी केली. १९०८ च्याच जुलैत टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. कारखान्याचा मोठा आधार असा सुरुवातीलाच दूर गेला, तरी भट्टी विझली नाही.

काचेच्या कामात शिकाऊ हात किती महाग पडतो, हे भट्टीजवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही. वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण वितळून एकजीव व्हायला चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. ज्या मुशीत ते वितळते ती खास मातीची असते आणि हळूहळू तापवावी लागते. घाई केली की मूस तडकते आणि आतला सगळा रस भट्टीत सांडतो. रात्री भट्टी विझवून घरी जाण्याची सोय नाही, कारण ती पुन्हा तापवण्यात दिवस आणि सरपण दोन्ही जातात. कारागीर लोखंडी नळीच्या टोकावर रसाचा गोळा उचलतो, नळी सतत फिरवत ठेवतो आणि फुंकतो. फिरवणे क्षणभर थांबले तर गोळा एका बाजूला ओघळतो. नवख्याच्या हातून झालेली चिमणी एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ होते आणि दिवा पेटताच फुटते. बरी साधली तरी काम संपत नाही. घडलेली वस्तू वेगळ्या भट्टीत सावकाश थंड केली नाही, तर नुसती ठेवल्या ठेवल्या तडकते. मुलगा तरबेज होईपर्यंत जो माल वाया जातो, त्याचा खर्च कोणता सावकार सोसणार? खासगी कारखानदार तो टाळणारच. तळेगावात तो खर्च चौसष्टांनी मिळून दिलेल्या रुपयाने सोसला. पैसा देणाऱ्याला त्याबदली व्याज नको होते, हिस्सा नको होता. नव्या उद्योजकाला सर्वांत आधी अशाच पैशाची गरज असते, आणि ही गोष्ट पैसा फंडाच्या लोकांनी फार लवकर ओळखली.

शिकलेले हात मग बाहेर पडले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर युरोपातली काच येणे थांबले, बाजारात तुटवडा पडला आणि हे काम जाणणाऱ्या माणसांना मागणी आली. तळेगावात तयार झालेले कारागीर आणि तंत्रज्ञ देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. स्वतः वार्ष्णेयांनी पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे कारखाना काढला. महाराष्ट्रात १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी काचेचा उद्योग सुरू केला; त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील गावोगाव पोहोचला आणि त्या जागेलाच ओगलेवाडी हे नाव पडले.

ओगलेवाडीच्या आधी किर्लोस्करवाडी. तिथे लोकवर्गणी नव्हती, संस्थानिक होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात आले होते. तिथली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगराने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे किर्लोस्करांचे पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे गेली होती. अशा माणसावर विश्वास टाकणाऱ्या राजाचे मोल दहा हजारांत मोजता येणार नाही.

तिसरी वाट कर्जाच्या शिष्यवृत्तीची. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तो दान म्हणून नाही. शिकून आलेल्याने पैसे परत करायचे आणि तेच पुढच्याला मिळायचे. सुरुवातीच्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. हा निधी आजही चालू आहे.

स्वातंत्र्यानंतर उद्योगाला कर्ज देणाऱ्या सरकारी संस्था पुष्कळ झाल्या, पण त्या तारण मागत. विद्यार्थ्याकडे तारण कुठले? केंद्र सरकारने १९८२ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानातल्या उद्योजकतेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले, तेव्हा कुठे महाविद्यालयांच्या आवारात उद्योग रुजवण्याचे प्रयत्न सुरू झाले. दरम्यान अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी व्यवसाय आराखड्यांच्या स्पर्धा निघाल्या होत्या. वार्ष्णेय जिथे शिकले त्याच एमआयटीत १९९० मध्ये दहा हजार डॉलरची स्पर्धा सुरू झाली. बक्षीस वाढत पुढे एक लाख डॉलरपर्यंत गेले. पवईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांचा उद्योजकता कक्ष १९९८ मध्ये स्थापन झाला आणि त्याची ‘युरेका’ ही स्पर्धा देशभर गाजली. नुसत्या स्पर्धेने भागत नाही हे पवईत लवकर उमगले असावे. २००४ मध्ये तिथे ‘साइन’ हा इन्क्युबेटर, म्हणजे नवे उद्योग रुजवणारे केंद्र, सुरू झाला. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये ‘व्हेंचर सेंटर’ आले. तिथे नवउद्योजकाला बसायला जागा मिळते, आणि एकट्याला न परवडणारी उपकरणेही वापरता येतात.

२०१६ च्या जानेवारीत स्टार्टअप इंडियाची घोषणा झाली आणि २०२१ मध्ये ९४५ कोटींची सीड फंड योजना आली. तिच्यातून निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत नमुना तयार करणे, चाचण्या घेणे अशा कामांसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद झाली. पहिल्या फुटणाऱ्या चिमण्यांचा खर्च सरकारने लेखी मान्य केला, हे या योजनेचे मोठेपण आहे. ॲप लिहिणाऱ्याला वीस लाखांत बरेच काही करता येते. यंत्र घडवणाऱ्याची मात्र तेवढ्यात जेमतेम सुरुवात होते.

पवईचीच एक कंपनी पाहिली की हे स्पष्ट दिसते. आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ स्थापन केली आणि ‘साइन’च्या आधाराने मानवरहित विमाने घडवायला घेतली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात त्यांचे ड्रोन देशाने पाहिले, पण चित्रपट पाहून कोणी घाऊक खरेदीला येत नाही. मधल्या काळात खासगी गुंतवणूकदारांचा पैसा लागला. भिशांच्या यंत्राला लंडनमध्ये भक्कम गिऱ्हाईक मिळाले नाही, तळेगावच्या कारागिरांना ते महायुद्धाने दिले. आयडियाफोर्जला २०२१ च्या जानेवारीत भारतीय लष्कराकडून सुमारे दोन कोटी डॉलरची मागणी मिळाली, आणि २०२३ च्या जुलैत, स्थापनेनंतर सोळा वर्षांनी, तिचे समभाग शेअर बाजारात आले.