बंदरनायके : दिलेला शब्द आणि फाडलेला करार

श्रोतेहो, सिलोन म्हटले की आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना रेडिओवरची हिंदी गाणी आठवतात. त्याच बेटावरच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, एका पुढाऱ्याची ही हकीकत आहे.

सॉलोमन वेस्ट रिजवे डायस बंदरनायके! १८९९ साली कोलंबोच्या एका बड्या घरात हे मूल जन्मले आणि त्याच्या नावात चक्क इंग्रज गव्हर्नराचे नाव गुंफले गेले. घरचा धर्म ख्रिस्ती, बोलणे इंग्रजी, शिक्षण ऑक्सफर्डचे. १९२५ साली मायदेशी परतला तेव्हा स्वारीला सिंहली धड बोलताही येत नव्हते. पुढे त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला, देशी पोशाख घातला, भाषा शिकून घेतली, सिंहल महासभा काढली. १९४८ च्या स्वातंत्र्यानंतर ते मंत्रीही होते. पण १९५१ साली बाहेर पडून त्यांनी श्रीलंका फ्रीडम पक्ष स्थापला.

आता तुम्ही विचाराल, भाषेचा प्रश्न एवढा पेटला कशाने? इंग्रज गेले, पण कचेरी इंग्रजीतच राहिली. इंग्रजी जाणणारे शंभरात दहाही नव्हते. खेड्यातला शिक्षक, वैद्य, भिक्षू, शेतकरी, कामगार यांना सरकारदारी कोणी पुसत नव्हते. या पाच शक्तींना बंदरनायक्यांनी हाक दिली आणि शब्द दिला, की चोवीस तासांत सिंहली ही एकमेव राजभाषा करीन. १९५६ च्या निवडणुकीत ९५ पैकी ५१ जागा त्यांच्या आघाडीला मिळाल्या. सत्ताधारी पक्ष ८ वर आला.

त्याच वर्षी जूनमध्ये कायदा झाला. पण मंडळी, त्या बेटावर तमिळ बोलणारेही पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. एकाला दार उघडले, ते दुसऱ्याच्या तोंडावर लागले. तमिळ पुढाऱ्यांनी सत्याग्रह केला; त्यांना जमावाने मारहाण केली.

बंदरनायक्यांना हे कळत नव्हते असे नाही. १९२६ साली त्यांनीच संघराज्याची कल्पना मांडली होती. जुलै १९५७ मध्ये त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला : प्रादेशिक मंडळे द्यावीत, उत्तर-पूर्व भागाचा कारभार तमिळमध्ये चालावा. मात्र एप्रिल १९५८ मध्ये भिक्षू त्यांच्या दाराशी धरणे धरून बसले, आणि त्याच दिवशी करार रद्द झाला. पुढच्याच महिन्यात दंगली उसळल्या. शेकडो माणसे मेली. मग तमिळसाठी मर्यादित सवलतींचा कायदा आला, पण तोवर विश्वास उडाला होता.

२५ सप्टेंबर १९५९. घरी भेटीस आलेल्या एका भिक्षूला पंतप्रधानांनी वाकून वंदन केले. त्याने चीवरातून पिस्तूल काढले. मरणापूर्वी बंदरनायक्यांनी लोकांना सांगितले, की मारेकऱ्यावर सूड उगवू नका. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. १९६० साली त्यांच्या पत्नी सिरिमावो जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. तमिळलाही राजभाषेचे स्थान मिळाले, पण १९८७ साली. तोवर यादवी युद्धाला चार वर्षे झाली होती. ते संपायला २००९ उजाडले.

गुरुजन हो, खेड्यातल्या माणसाला त्याच्या भाषेत कचेरी मिळावी, हे बंदरनायक्यांचे मागणे रास्तच होते. पण स्वतःच पेटवलेल्या लोकांपुढे करार टिकवायची वेळ आली, तेव्हा ते मागे हटले. वर्गात त्यांचा धडा सांगाल, तेव्हा या दोन्ही गोष्टी मुलांना सांगा.