तांबडी रेघ

बदलीच्या नोकरीत सामान दरवेळी कमीजास्त होते. वडीलधाऱ्यांचे एखादे छायाचित्र मात्र गावोगाव आपल्याबरोबर हिंडते. आमच्याकडे आजीच्या तरुणपणाचे असे एक छायाचित्र आहे. कृष्णधवल प्रतीवर कोणा कारागिराने हाताने रंग भरून लुगडे गुलाबी केले आहे. ते जांभळे होते, असे आजी सांगत असे.

अशाच कौटुंबिक छायाचित्रांतून समकालीन चिनी चित्रकलेतील एका विख्यात मालिकेचा जन्म झाला. तिचे कर्ते झांग शियाओगांग हे युन्नान प्रांतातील कुन्मिंग येथे १९५८ मध्ये जन्मले. आई-वडील सरकारी नोकर. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीचे वादळ उठले. मुलांनी बाहेर जाऊन संकट ओढवून घेऊ नये, म्हणून आई-वडील त्यांच्या हाती कागद आणि रंगखडू देत. पुढे त्या दोघांनाच पुनर्शिक्षणासाठी दूर खेड्यात धाडण्यात आले.

चीनमध्ये तांबडा रंग पूर्वापार विवाहाचा आणि नववर्षाचा, तर पांढरा शोकाचा. त्या दशकाने मात्र रंगांचे शिक्के बनविले. मजूर, गरीब शेतकरी, सैनिक, क्रांतिकारी पदाधिकारी आणि हुतात्म्यांचे वारस हे ‘पाच तांबडे’. जमीनदार, सधन शेतकरी, प्रतिक्रांतिकारक, दुर्वर्तनी आणि उजव्या विचारांचे ते ‘पाच काळे’. बापाचा रंग तोच मुलाचा! या रक्तसिद्धान्ताविरुद्ध यू लुओके या तरुणाचा निबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्च १९७० मध्ये त्यास देहान्ताची शिक्षा देण्यात आली. तेव्हा त्याचे वय अवघे २७ वर्षांचे होते. चित्रांसही दंडक होता : तांबडे, तेजस्वी, झळाळते. नेत्याच्या मुखावर करडी छटा चालत नसे.

१९९३ मध्ये झांग यांना घरी आईची जुनी छायाचित्रे सापडली. त्यांस ठाऊक होती ती मानसिक आजाराने ग्रासलेली आई. छायाचित्रात दिसली ती एक सुंदर तरुणी. त्यातून ‘रक्तवंश : मोठे कुटुंब’ ही मालिका सुरू झाली. छायाचित्रगृहात बसावीत तशी माणसे निश्चल बसलेली. मुद्रा जवळजवळ एकसारख्या. एखाद्या बालकाचे मुख तांबडे वा पिवळे. चेहऱ्यावर जुन्या प्रतीवर पडावा तसा डाग. आणि माणसामाणसांना जोडीत जाणारी केसासारखी बारीक तांबडी रेघ. ज्या करड्या रंगास मज्जाव होता, त्याने येथे सारा पट व्यापला आहे. ज्या तांबड्याचा पूर आला होता, तो एका रेघेपुरता उरला आहे.

ही रेघ मायलेकरांच्या नात्याची, असे कोणीही म्हणेल. परंतु त्याच रक्ताच्या आधारे शासनाने मुलांची वर्गवारी केली होती. म्हणून ती रेघ पाहताना माया आणि भय यांची फारकत करता येत नाही. आम्ही कारकुनी पेशाचे. नोंदवहीच्या एका रकान्यात माणसाचे काय होऊ शकते, हे या चित्रांपुढे आम्हांस प्रकर्षाने जाणवते. परक्या हाताने आई-बापांस दिलेला रंग मुलाच्या स्मृतीत मुरतो आणि तो पुन्हा निराळा काढता येत नाही.

आमच्या कारागिराचे कृत्य निरुपद्रवी होते. तरीही आजीची आठवण झाली, की तिचे लुगडे आमच्या डोळ्यांपुढे गुलाबीच येते.