क्ष-किरण आणि कोळसा

1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्यात वागळे इस्टेटच्या शेड उभ्या राहिल्या. भोंगा वाजला की रस्ता डबे घेतलेल्या कामगारांनी भरे. याच शहरात 1975 पासून सुमारे तीस वर्षं एक रेडिओलॉजिस्ट दवाखाना चालवत होता: डॉ. सुधीर पटवर्धन.

जन्म 1949चा, शिक्षण पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात, चित्रकला मात्र स्वतःच शिकलेली. दिवसा काळ्या फिल्मवर हाडं, बरगड्या. उरलेल्या वेळात कागदावर कोळशाने माणसं. 1977च्या ‘इराणी रेस्टॉरंट’ या चित्रातला एकटा बसलेला माणूस बघा, अंगाचं ओझं खुर्चीला कळावं असा बसलाय.

हे सगळं समोर बघून काढलेलं नव्हे. रस्त्यावर, लोकलमध्ये पाहिलेलं मनात मुरायचं, स्केचमध्ये उतरायचं, मग कॅनव्हासवर नव्याने रचलं जायचं. मोठ्या शहरचित्रांत तर एकाच वेळी वरून, समोरून, बाजूने बघितल्यासारखे रस्ते येतात. कॅमेऱ्याला हे जमत नाही.

‘पोखरण’ हे त्यांच्या एका चित्राचं नाव. ठाण्यातला, वागळे इस्टेटलगतचाच तो भाग. पुढे कारखाने गेले, टॉवर आले. 2001च्या ‘लोअर परळ’मध्ये तीच उलथापालथ गिरणगावात दिसते.