कोणता रुपया? परळीहून ‘पलीकडे’ शिकायला जाताना

परदेशात पीएच.डी.ला जायचं ठरलं की पहिले प्रश्न अगदी साधे असतात. स्टेशनवरून खोलीवर कसं जायचं? पास कुठला काढायचा? खिशात कोणतं चलन ठेवायचं? माझ्या संशोधनात हेच प्रश्न मला परळी वैजनाथच्या संदर्भात भेटले, आणि तिथे पासपोर्टचा काही संबंधच नव्हता.

सप्टेंबर १९४८ पर्यंत परळी हैदराबाद संस्थानात होती. जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ‘मोगलाई’ आणि ‘इंग्रजी मुलूख’ असे शब्द येतात. मोगलाई म्हणजे निजामाची बाजू, इंग्रजी म्हणजे पुणे, सोलापूर, नागपूरची. दोन्हीकडे मराठीच बोलत. पण शिकायला पलीकडे गेलेल्या मुलासाठी नाणं, जकात, शिक्षणाची भाषा, दप्तरातलं साल, सगळंच बदलायचं.

आधी रस्ता पाहू

संस्थानाचं विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, स्थापना १९१८. तिकडे जायला परळीहून ब्रॉडगेज होती: लातूर रोड, उदगीर, बीदर, विकाराबाद. दुसऱ्या बाजूला परभणीकडे मीटरगेज, आणि परभणीहून औरंगाबादमार्गे मनमाड. मनमाडला निजामाची गाडी सोडायची आणि इंग्रजी हद्दीतल्या ब्रॉडगेजमध्ये बसायचं. पुण्याला जायचा आणखी एक मार्ग लातूरहून. तिथून बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज कुर्डुवाडीपर्यंत जायची, पुढे पुन्हा मोठी गाडी.

म्हणजे प्रत्येक ठिकाणी गाडी बदल, ट्रंक उतरव, हमाल शोध. नकाशावर अंतर मोजून ‘पुणे जवळ’ असं लिहिणं सोपं आहे. रुळांची रुंदी पाहिली की कळतं, परळीच्या मुलाला सरळ नेणारा रूळ हैदराबादकडे जात होता.

आता पैसा

हैदराबादचा स्वतःचा रुपया होता. त्याला हाली सिक्का म्हणत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रुपयाला कलदार. ठरलेला भाव साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार. शिवाय हद्दीवर करोडगिरी, म्हणजे संस्थानाची जकात.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या वर्षी लिहिलेल्या प्रकरणात मी जमाखर्चाच्या वह्यांतले सगळे रुपये एकच धरले होते. मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: “कोणता रुपया?” उदाहरण घ्या. घरून मुलासाठी ३५ हाली निघाले, तर त्याच्या हातात पडणार ३० कलदार. वहीत घरी ‘दिले ३५’ आणि मुलाच्या टिपणात ‘मिळाले ३०’. मी अशा फरकांना मधल्या माणसाची अफरातफर समजलो होतो! एका माणसावर चोरीचा आळ घेऊन मी अख्खा परिच्छेद लिहिला होता. तो काढून टाकला, पण अजून आठवला की लाज वाटते. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही, म्हणून आपणच जपून लिहायला हवं.

तारखांचंही तसंच. संस्थानच्या दप्तरात फसली सन. त्यात महिन्याप्रमाणे ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. नुसते ५९० मिळवत बसलात तर घटना एक वर्ष मागे जाते.

आणि १९३८

या सगळ्याला अचानक वजन आलं ते १९३८ च्या अखेरीस. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. मनाई झाली, मुलं हटली नाहीत, आणि त्यांना काढून टाकण्यात आलं. संस्थानात दुसरं विद्यापीठ नव्हतं, त्यामुळे शिक्षण तिथेच संपायची वेळ आली. तेव्हा नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात, या मुलांना दार उघडलं.

आपण इतिहासात इथेच थांबतो: काढलं, घेतलं, संपलं. पण मधला प्रवास कोण करणार? औरंगाबादच्या मुलाला मनमाड, भुसावळ करत नागपूर गाठायचं. हैदराबादच्या मुलाला काझीपेठ, बल्लारशाहमार्गे. पोचल्यावर खोली, खानावळ, सगळं कलदारात. आणि सर्वांत अवघड म्हणजे भाषा. उस्मानियात शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं, त्यासाठी खास भाषांतर विभाग काढून शास्त्रांचे पारिभाषिक शब्द घडवले होते. नागपुरात तोच विषय इंग्रजीतून. घरी मराठी, कॉलेजात उर्दू, आणि आता मध्येच इंग्रजी. जर्मनीत पहिल्या सेमिस्टरला गांगरलेल्या आपल्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको.

हे शोधायचं कुठे?

‘परदेशी शिक्षण’ म्हणून फाइल उघडाल तर विलायतेला बोटीने गेलेले लोक सापडतील. परळी-लातूरकडचा मुलगा नागपूरला किंवा पुण्याला गेला, तर तो त्या फाइलमध्ये नाही. तो सापडतो प्रवेश नोंदवहीतल्या ‘मूळ गाव’ या रकान्यात, जुन्या रेल्वे वेळापत्रकात, घरच्या जमाखर्चात, आणि ऐंशी-नव्वदीतल्या माणसांच्या आठवणींत. शेवटचं साधन दरवर्षी कमी होतंय, हे लक्षात ठेवा.

मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला मिळालं. त्याच्या आधी पदवी घेतलेलं कुणी तुमच्या घरात, गल्लीत असेल, तर त्यांच्या घरच्यांना एवढं विचाराच: कुठल्या स्टेशनला गाडी बदलली, पैसे कसे पोचायचे, आणि पहिल्या दिवशी वर्गात काय समजलं नाही. उत्तरं तारखेसकट लिहून ठेवा. तारीख फसली असेल तर फसलीच लिहा, हिशेब नंतर करता येतो.