बॅरी (व्हर्माँट)

बॅरी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्माँट राज्याच्या वॉशिंग्टन काउंटीतील छोटे शहर. लोकसंख्या ८,४९१ (२०२०). राज्याची राजधानी माँटपेलियरच्या आग्नेयीस, विनूस्की नदीच्या एका उपनदीकाठी ते वसले आहे. करड्या रंगाच्या बारीक पोताच्या ग्रॅनाइटसाठी ते प्रसिद्ध आहे. खाणी लगतच्या ‘बॅरी टाउन’ या स्वतंत्र प्रशासकीय विभागात, तर दगड घडवण्याचे कारखाने मुख्यतः शहरात, अशी कामाची विभागणी झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे दगड काढण्यास सुरुवात झाली. १८३० च्या दशकात माँटपेलियर येथील राज्य विधानभवनासाठी येथलाच ग्रॅनाइट वापरला गेला. १८७५ मध्ये रेल्वे आली, पुढे ती डोंगरावरच्या खाणींपर्यंत पोहोचली आणि जड शिळा दूरच्या बाजारात पाठवणे परवडू लागले. कुशल हातांची गरज भागवण्यास स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे व उत्तर इटलीतील कारागीर आले. इटालियनांपैकी अनेक जण काराराच्या संगमरवरावर हात बसलेले होते.

या स्थलांतरितांनी छिन्नी-हातोडीबरोबर आपले राजकारणही आणले. समाजवादी व अराज्यवादी इटालियन कामगारांनी १९०० मध्ये कामगार सभागृह बांधले. सभा, नाचगाणी, सहकारी दुकान असे सारे तेथे चाले. अराज्यवादी लुइजी गॅलेआनी यांनी १९०३ मध्ये आपले इटालियन वृत्तपत्र येथूनच सुरू केले. त्याच वर्षी सभागृहात दोन गटांच्या भांडणात झालेल्या गोळीबारात शिल्पी एलिया कॉर्टी मृत्युमुखी पडले. १९१२ च्या मॅसॅचूसेट्स राज्यातील लॉरेन्स येथील कापडगिरणी संपाच्या काळात संपकऱ्यांची ३५ मुले बॅरीतील कुटुंबांनी आपल्या घरी ठेवून घेतली. १९२२ च्या संपात मात्र मालकांनी क्वेबेकमधून फ्रेंच भाषिक कामगार आणून काम चालू ठेवले, त्यातून आलेली कटुता पुढेही टिकली.

या दगडाने कारागिरांचे आरोग्यही पोखरले: संगमरवरात सिलिका नगण्य असते, ग्रॅनाइटमध्ये ती भरपूर असते. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे आल्यावर काम झपाट्याने होऊ लागले, पण धूळही अधिक बारीक उडू लागली. कडाक्याच्या थंडीमुळे शेड बंद ठेवाव्या लागत, त्यामुळे ही धूळ आतच कोंडून राही. सिलिकोसिस या धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसविकाराने व त्यामागोमाग येणाऱ्या क्षयाने अनेक कारागीर ऐन उमेदीत गेले. घर चालवण्यासाठी कित्येक विधवांनी खाणावळी काढल्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीस धूळ जागीच शोषून घेणारी यंत्रे बसवली गेली, तेव्हा हा रोग आटोक्यात आला.

१८९५ मध्ये स्थापन झालेल्या होप दफनभूमीतील स्मारके स्थानिक ग्रॅनाइटचीच आहेत. कॉर्टी यांचा बसलेला पूर्णाकृती पुतळा त्यांच्या भावाने व मेहुण्याने घडवला. त्यात कोटाची बटणे, मिशा आणि जवळ ठेवलेली हत्यारे बारकाईने कोरलेली दिसतात. फुटबॉल, विमान, मोटारगाडी अशा आकारांची स्मारकेही येथे आहेत.

जुलै २०२३ च्या महापुरात शहराच्या मध्यवर्ती भागाचे मोठे नुकसान झाले. जुने कामगार सभागृह आता राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे. एका जुन्या दगडशेडमध्ये ग्रॅनाइट संग्रहालय आहे. कामगारसंख्या पूर्वीपेक्षा घटली असली, तरी थडग्यांवरील शिला घडवण्याचा व्यवसाय आजही चालू आहे.