एरर : वाट चुकणे

संगणकाच्या पडद्यावर ‘एरर’ उमटलं की माणूस दचकतो. आपल्याच हातून काही बिघडलं असं समजून, न वाचताच ती खिडकी बंद करतो. हा शब्द आला लॅटिन ‘एरारे’पासून. अर्थ : भटकणे, वाट सोडून जाणे. आपलं ‘चुकणे’ अगदी याच वळणाचं. १२व्या शतकातल्या हेमचंद्रांच्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश्’ (ढळणे) धातूच्या जागी ‘चुक्क’ येतो. आणि आपण आजही म्हणतो, वाट चुकली, जत्रेत चुकामूक झाली. गुन्ह्याचा वास या दोन्ही शब्दांना मुळात नाहीच.

म्हणून संदेश वाचताना वाट कुठे सुटली तेवढं शोधावं. वेबवरचे आकडे तेच सांगतात. ४०४ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचलात, पण मागितलेलं पान त्या पत्त्यावर नाही. पत्त्यातलं एखादं अक्षर तपासा. ४०३ म्हणजे दारापर्यंत आलात, आत जायची परवानगी नाही. ५०० असेल तर बिघाड पलीकडच्या सर्व्हरवर, थोड्या वेळाने पुन्हा पाहा. आणि कृपा करून, खिडकी बंद करण्याआधी आकडा नि शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. दुरुस्त करणाऱ्याला माग त्यावरूनच लागतो.