कर्णवेध : हत्यार, हात आणि इजा



‘सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत’ अशी आपल्यात एक म्हण आहे. तिचा व्यवहारातील अर्थ आपण सारेच जाणतो. योग्य माणसाने कानउघाडणी केली म्हणजे ती बोचत नाही, पटते. आज मात्र आम्ही ही म्हण शब्दशः घेणार आहोत. कान टोचणे हेही एक काम आहे, ते करणारा एक कारागीर आहे, आणि ज्याच्या अंगावर ते होते ते बहुधा तक्रारही करू न शकणारे तान्हे मूल असते. कामगार चळवळीत उमर घालविलेल्या आम्हांला कोणत्याही कामाविषयी तीन प्रश्न विचारण्याची सवय आहे. हत्यार कसले, हात कोणाचा, आणि इजा झाली तर ती सोसणार कोण? हेच प्रश्न आपण कर्णवेधाच्या इतिहासाला विचारून पाहू.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय या विषयाला वाहिलेला आहे. बालकाचे रक्षण आणि कानांचे भूषण असे वेधाचे दोन हेतू तेथे दिले आहेत. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात मुलाला दाईच्या मांडीवर घ्यावे, खेळण्यांनी त्याचे मन रमवावे. वैद्याने डाव्या हाताने कान ओढून धरावा आणि सूर्यकिरणांनी उजळलेल्या जागी उजव्या हाताने हळूहळू व सरळ वेध करावा. पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरीने. मग छिद्रात कापसाची वात घालून तेल सोडावे आणि दर तीन दिवसांनी वात जाड करीत जावी.

यातील उन्हाची युक्ती पाहा. पाळीमागून प्रकाश आला म्हणजे रक्तवाहिन्यांच्या रेषा काळसर दिसतात आणि त्या चुकवून सुई घालता येते. रक्त फार वाहिले, वेदना फार झाल्या, तर वेध भलत्या जागी झाला असे समजावे, असे ग्रंथकार बजावतो. पुढे सूज आली तर तिच्या कारणांत तो वाईट सुई आणि फार घट्ट वात यांची नावे घेतो. दोष मुलाच्या नशिबाचा नव्हे, हत्याराचा आणि हाताचा असू शकतो, हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

जड दागिन्यांनी पाळ्या फाटत, म्हणून त्याच अध्यायात फाटलेले कान जोडण्याचे पंधरा प्रकार आले आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ गालाची कातडी घेऊन नाक करण्याची कृती. ही विद्या केवळ पोथीत राहिली नाही. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या एका मराठ्याचे नाक १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत कापले गेले. पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासह छापली, तिच्यापासून स्फूर्ती घेऊन कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. ज्याच्या हाती विटांची माती लागलेली असायची, त्या जातीतल्या कारागिराकडून विलायतेचे डॉक्टर शिकले! हाताच्या कसबाची किंमत आम्ही यावरून करतो.

तथापि या जुन्या ज्ञानात एक मोठी उणीव होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची कोणालाच कल्पना नव्हती. पाश्चरच्या संशोधनाचा आधार घेऊन लिस्टरने १८६७ साली कार्बोलिक आम्लाने जखमा स्वच्छ राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पाश्चरचाच सहकारी शाम्बरलां याने १८७९ मध्ये दाबाखालच्या वाफेने जंतू मारण्याचे यंत्र बनविले. आपल्या स्वयंपाकघरातील कुकर हा त्याचाच भाऊबंद. नुसते उकळते पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही आणि काही जंतूंची बीजे त्यात तग धरतात. दाबाखालची वाफ १२१ अंशांवर पंधरा मिनिटे राहिली म्हणजे ती बीजेही मरतात. सुई मेणबत्तीवर धरणे किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे ही त्याची बरोबरी नव्हे.

हा भेद केवढा महत्त्वाचा आहे हे विसाव्या शतकात कळले. ब्लूमबर्ग यांच्या संशोधनातून १९६० नंतरच्या दशकात ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू उजेडात आला. वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो सात दिवस जिवंत राहू शकतो. एकच सुई दहा कानांतून फिरली, तर पहिल्याचा रोग दहाव्याला जाऊ शकतो. आणि ती टोचणाऱ्याच्या बोटात शिरली, तर त्यालाही. म्हणून हातमोजे, वापरलेली सुई टाकण्याचा जाड डबा आणि या काविळीची लस ही कारागिराची चैन नव्हे, त्याचा हक्क आहे.

कानाच्या वरच्या भागाची गोष्ट आणखी निराळी. आपल्याकडे बायका तेथे बुगडी घालीत, पुरुष भिकबाळी. पाळी नुसत्या मांसाची. वरचा कान कूर्चेचा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. तेथे पू झाला की आवरण सुटते, कूर्चा मरते आणि कान चुरगळलेल्या कागदासारखा होतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००० साली एका दुकानात वरचे कान टोचून घेतलेल्या सात जणांना स्यूडोमोनास जंतूची बाधा झाल्याचे सिद्ध झाले. तेथे स्प्रिंगचे पिस्तूल वापरीत होते, आणि जंतुनाशकाच्या बाटलीतच जंतू वाढले होते! असल्या पिस्तुलाचे प्लॅस्टिक वाफेच्या यंत्रात घालता येत नाही, आणि त्याची बोथट कडी मांस चिरडून आत घुसते. यंत्र आले म्हणजे काम आपोआप निर्धोक होते, या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

मग आज काम कसे व्हावे? टोचणाऱ्याने साबणाने हात धुऊन नवे मोजे चढवावेत. कातडी जंतुनाशकाने पुसून वाळू द्यावी, जागेची खूण करून आरशात दाखवावी. एकदाच वापरायची निर्जंतुक सुई आपल्यासमोर पाकिटातून काढावी. दागिनाही निर्जंतुक हवा. तो टायटॅनियमचा किंवा चांगल्या सोन्याचा असावा आणि सुजेला जागा राहील इतका सैल असावा. निकेलने पुष्कळांना खाज व पुरळ येते. युरोपीय संघाने १९९४ साली अशा दागिन्यांतील निकेलवर निर्बंध घातला तो याचसाठी. पुढे दिवसातून दोनदा निर्जंतुक मिठाच्या पाण्याने जखम धुवावी आणि दागिना उगाच फिरवू नये. पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरचा कान आणि बेंबी यांना कित्येक महिने, कधी वर्षही लागते. लाली पसरली, ताप आला, पू झाला, तर घरगुती उपायांत दिवस न घालविता डॉक्टर गाठावा. गाठीचे व्रण उठणाऱ्याने आणि रक्त न थांबणाऱ्याने आधीच डॉक्टरला विचारावे.

आपल्याकडे पुष्कळ घरी बाराव्या दिवशी कान टोचतात. आपल्या लसीकरणात धनुर्वात व ‘ब’ कावीळ यांपासून रक्षण करणारे डोस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत येतात. म्हणजे बाराव्या दिवशी हे रक्षण पुरे झालेले नसते. सुश्रुताला लस ठाऊक नव्हती. पण त्याने नेमलेला सहावा महिना या डोसांनंतरच येतो. बारशाची हौस तेवढे दिवस थांबू शकते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. नवी सुई, मोजे, वाफेचे यंत्र यांना पैसे पडतात. टोचणावळीत घासाघीस करून ते आपण वाचविले, तर कारागीर तीच सुई पुन्हा वापरील आणि दोष आपण त्याला देऊ. तेव्हा सोनाराच्या पेढीवर बसल्यावर दोन गोष्टी कराव्यात. पाकीट आपल्यासमोर फोडावयास सांगावे, आणि त्या पाकिटाचे पैसे त्याच्या मजुरीत न धरता वेगळे मोजावेत.